रुजूला उतारावर सोडलं तेव्हा

अण्णांनी रुजूच्या कमरेला दोर बांधला, दोन वेढे दिले, गाठ मारली आणि दावणीला बैल नीट बांधला गेलाय की नाही हे बघावं तशी ती ओढून बघितली. रुजू तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. अंगात इतके कपडे चढवले होते की तिचे हात खाली येतच नव्हते. डोक्यावर माकडटोपी, आणि पायांत कॅनडाहून मागवलेल्या लाल प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्यांना स्की म्हणतात हे आमच्या घरात त्याआधी कुणाला ठाऊकही नव्हतं. दोर कपडे वाळत घालायचा होता, निळा, नायलॉनचा. अण्णांनी तो आदल्या दिवशी जोशीमठच्या बाजारातून स्वतः निवडून आणला होता.

"घट्ट होतोय तिला," मी म्हणाले.

"सैल बांधला तर निसटतो. घरातली सगळी पोरं मी विहिरीवर तयार केलीत, मला शिकवू नकोस."

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पण आमच्या कऱ्हाडच्या घरातून काही निवृत्त झाले नाहीत. आमटीत गूळ किती घालायचा इथपासून कुणी कुठल्या खोलीत झोपायचं इथपर्यंत सगळं तेच ठरवत. माझा नवरा सुहास त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यांच्याच खात्यात त्यांनीच चिकटवलेला. लग्नाला सहा वर्षं होत आली होती, आणि बापापुढे सुहासनं कधी नकाराची मान हलवलेली मी पाहिली नव्हती. होकाराची मात्र नंदीबैलासारखी हलायची.

आता सातारा-कऱ्हाडकडच्या माणसांना बर्फात घसरायची हौस कुठून आली, तर भाऊसाहेबांमुळे. भाऊसाहेब हे अण्णांचे चुलतभाऊ आणि जन्माचे स्पर्धक. त्यांची नात कॅनडात. ही दोन वर्षांची पोर बर्फावरून घसरत येते आणि खाली उभ्या असलेल्या बापाच्या पायांना मिठी मारते, असा एक व्हिडिओ भाऊसाहेबांच्या फोनवर आला होता. तो त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघात दाखवला, लग्नाच्या पंगतीत दाखवला, आणि एका तेराव्यालासुद्धा दाखवला. त्या तेराव्याहून अण्णा घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की जानेवारीत सगळ्यांनी औलीला जायचं आणि रुजूला बर्फावर शिकवायचं. शेजाऱ्यांच्या मुलाला सांगून त्या लाल पट्ट्या मागवल्या. रुजूला अजून जिना एकटीनं उतरता येत नव्हता, याचा विचार कुणी केला नाही.

सहलही कसली, तर हिमालयात नेऊन वरण-भात खाऊ घालणाऱ्या टूर कंपनीची. बरोबर आपला आचारी, आपलं तिखट, आणि बर्फात बटाटेवडे. एकेकाच्या अंगात भाड्यानं आणलेला फरचा कोट, पायांत भाड्याचे गमबूट. समोर नंदादेवीचं शिखर उन्हात झळकत होतं आणि आमची मंडळी त्याच्याकडे पाठ करून वडे गरम नाहीत म्हणून कुरकुरत होती.

मी त्या सहलीला गेले ते माझ्या एका कारणासाठी. बँकेत मला बढती मिळाली होती. बढती म्हणजे बदली, आणि बदली रत्नागिरीला. अण्णांनी ऐकल्या ऐकल्या निकाल दिला, की नाकार. सुहासनं तोंडात मिठाची गुळणी धरली. होकार-नकार परत आल्यावर कळवायचा होता. मी मनाशी ठरवलं होतं, की या सहलीत आपल्या लेकीसाठी एकदा, फक्त एकदा, हा माणूस बापाला नाही म्हणाला, तर मी बढती सोडीन आणि कऱ्हाडातच राहीन. तेवढंही त्याला जमलं नाही, तर रुजूला घेऊन जाईन. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सुहासला तर नाहीच. सांगून केलेल्या धाडसाला काय अर्थ आहे?

उतारावर शिकवणारा एक नेगी नावाचा माणूस होता. चार वर्षांच्या आतलं मूल आम्ही घेत नाही, असं त्यानं आधी साफ सांगितलं. अण्णा त्याच्याशी अर्धा तास आपल्या सरकारी हिंदीत बोलले. मग त्यानं खांदे उडवले, आणि निदान माझा पट्टा तरी बांधा, मी मागून धरून तिच्याबरोबर घसरत येतो, असं म्हणाला. अण्णांना तेही पटलं नाही. परक्या माणसानं धरलं तर पोर शिकली असं कसं म्हणायचं? दोर आपला आणि हात आपला. नेगीनं मग, मरा नाहीतर तरा, अशा चेहऱ्यानं खाली जाऊन जागा धरली आणि विडी पेटवली. गिऱ्हाईकाचं मूल गिऱ्हाईकाला, त्याला काय!

ही दोराची अक्कल विहिरीवरची. आमच्याकडे पोराला पोहायला शिकवायचं म्हणजे कमरेला दोर बांधायचा, काठावरून ढकलून द्यायचं आणि वरून दोर धरून उभं राहायचं. पोर गटांगळ्या खायला लागलं की ओढायचं, हातपाय मारायला लागलं की सैल सोडायचं. विहिरीत ते चालत असेल. तिथं पोर खाली जातं आणि दोर वर ओढतो. इथं पोर पुढं जाणार होतं आणि दोर तिला मागं ओढणार होता. पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्याला हा साधा फरक दिसू नये, आणि त्याच खात्यातल्या त्याच्या मुलाला दिसूनही बोलता येऊ नये, हे मी उघड्या डोळ्यांनी बघत उभी होते.

व्हायचं तेच झालं. अण्णांनी दोन्ही हातांत दोर धरून "हं, जाऊ दे" म्हटलं, सुहासनं रुजूला पाठीमागून हलकेच लोटलं, ती हातभर पुढं गेली, दोर ताणला आणि ती दाणकन मागं बसली. लाल पट्ट्या वर. सहलीतली मंडळी फोन धरून रांगेत उभी होती, ती खदखदून हसली. रुजूनं भोकाड पसरलं. मी तिला उचलायला पुढं गेले तर अण्णांनी हात आडवा केला.

"मध्ये येऊ नकोस. आईनं उचललं की पोर भित्रं होतं."

मी सुहासकडे बघितलं. तो तिच्या गुडघ्यावरचा बर्फ झटकत होता, खूप मन लावून.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रांगेतल्या बायकांना सुहासची गोष्ट सांगायला लागल्या. ही गोष्ट मी लग्नात ऐकली होती, डोहाळजेवणात ऐकली होती, आणि रुजूच्या बारशालाही ऐकली होती. सुहास पाच वर्षांचा होता. यांनी त्याला विहिरीत टाकलं. दुसरी पोरं कशी रडतात, आठ-आठ दिवस घेतात. आमचा सुहास टाकल्याबरोबर बेडकासारखा पोहत पायरीला आला. यांनी त्या दिवशी अख्ख्या वाडीला पेढे वाटले. बायकांनी सुहासकडे कौतुकानं बघितलं. सुहासनं खाली बघितलं. तो नेहमीच खाली बघायचा, आणि मी त्याला विनय समजत आले होते.

दुसऱ्यांदा तयारी सुरू झाली. या वेळी दोर सैल सोडायचा, असं अण्णांनी ठरवलं. रुजूनं सुहासच्या जाकिटाला दोन्ही मुठींनी घट्ट धरलं होतं. तिचं रडणं थांबलं होतं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. ती नुसती बारीक हुंदके देत होती.

"सुहास, उचल तिला आणि चल," मी म्हणाले.

चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे. त्या दिवशी तोंडातून तू गेलं आणि सासूबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. सुहास घाईघाईनं रुजूला अण्णांजवळ उभी करून माझ्याकडे आला आणि मला बाजूला घेऊन गेला. म्हणजे माझा आवाज कुणाच्या कानावर पडू नये म्हणून.

"काही होत नाही गं," तो म्हणाला.

"कशावरून?"

त्यानं एकदा अण्णांकडे बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "मी पोहत आलो नव्हतो."

"कुठं?"

"विहिरीत. अण्णा वरती कुणाशी तरी बोलत होते. दोर सैलच राहिला. मी तळाला गेलो. आमच्या म्हादू गड्यानं उडी मारली आणि केसाला धरून मला पायरीवर टाकलं. अण्णांनी वळून बघितलं तेव्हा मी पायरी धरून होतो. त्यांना वाटलं, आलो पोहत. ते इतके खूश झाले, संजू, की मला उचलून खांद्यावरच घेतलं. त्यांनी मला त्याआधी कधी खांद्यावर घेतलं नव्हतं."

"आणि तू गप्प बसलास?"

"म्हादूपण गप्प बसला. गड्यालाच बोलणी बसली असती, तू उडी कशाला मारलीस म्हणून."

"म्हणजे तुला पोहता येत नाही?"

"नाही," तो म्हणाला. "अजून झोपेत नाकात पाणी जातं माझ्या."

मला तारकर्लीचा समुद्र आठवला. तिथं हा कानाचं दुखणं सांगून फुलपँट घालून वाळूत बसला होता. घरातल्या पोरांना पोहण्याचे धडे द्यायची वेळ आली की याला हटकून ऑफिसचं काम निघायचं. सहा वर्षं मी एका माणसाबरोबर राहत होते आणि त्याच्या नाकातोंडात पाणी जात होतं, याचा मला पत्ता नव्हता. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जितकी माया वाटली तितकी लग्नापासून कधी वाटली नव्हती. आणि त्याहून जास्त, मला हायसं वाटलं. कारण आता प्रश्नच मिटला होता. ज्याला तळ माहीत आहे, तो आपल्या पोरीला ढकलेल कसा?

"मग जा आणि सांग त्यांना," मी म्हणाले. "विहिरीचं सांगायचं नसेल तर नको सांगूस. नुसतं नाही म्हण."

"जातो," तो म्हणाला, आणि खरोखरच गेला.

मी बाजूच्या भुसभुशीत बर्फात उभी राहून बघत होते. काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं. सुहास बोलला, हे नक्की. त्याचे ओठ हलताना मी बघितले. अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी एक वाक्य म्हणाले. सुहासची मान हलली. ती कशी हलली हे मला लांबूनसुद्धा कळलं.

तो रुजूसमोर गुडघ्यांवर बसला. तिनं लगेच त्याचं जाकीट पकडलं. आणि त्यानं तिची बोटं सोडवायला सुरुवात केली. हातमोज्यातली ती जाडी जाडी बोटं, एक सोडवलं की दुसरं आवळायचं. तो चिडला नाही, ओढाताणही केली नाही. अगदी हळुवारपणे, समजूत घालत, त्यानं एकेक बोट उलगडलं.

मी धावले. पण गमबूट भाड्याचा, मापाचा नाही, तो बर्फात रुतून बसला आणि माझा पाय नुसत्या मोज्यानिशी बाहेर आला. मी तशीच पुढं गेले आणि कोपरापर्यंत बर्फात पडले. मान वर केली तोवर सुहासनं तिला वळवून हात काढून घेतला होता.

रुजू निघाली. सुरुवातीला सावकाश, मग वेगानं. अण्णा दोर सोडत होते, सोडत होते, आणि मग तो हातमोज्यांतून सरकन निसटला. त्यांनी पकडायचा प्रयत्न केला आणि स्वतःच बुडावर आपटले. दोराचं मोकळं टोक बर्फावरून वळवळत रुजूच्या मागं चाललं होतं, आणि त्या टोकाला कुणीही नव्हतं. रांगेतली मंडळी टाळ्या वाजवत होती. त्यांना तो शिकवण्याचाच भाग वाटला. खाली नेगीनं विडी टाकली, दोन ढांगा आडवा आला आणि तिला पकडली, पण तोल गेला आणि दोघंही बर्फात लोळली.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग नेगीनं तिला उचलून उभी केली. तिच्या नाकावर, भुवयांवर, टोपीवर सगळीकडे बर्फ होता. तिनं आमच्याकडे बघितलं आणि ती हसली. खळखळून हसली आणि दोन्ही हात वर करून ओरडली, "पुन्ना!"

सांगायला हरकत नाही, त्या दिवशी ती आणखी तीनदा घसरली. नेगीच्या पट्ट्यात, नीट. तिला खरचटलंसुद्धा नाही. ही हकिकत मी कधी कुणाला सांगितली तर लोक इथंच हसतात आणि म्हणतात, म्हणजे सासऱ्यांचंच खरं ठरलं की. आपण उगीच जिवाचं पाणी करतो, मुलं शूर असतात. माझी स्वतःची आईही असंच म्हणाली. मी कुणाशी वाद घालत नाही. रुजू शूर होती, यात शंका नाही. पण त्या दिवशी परीक्षा तिची नव्हती.

अण्णांना दोघांनी धरून उठवलं. कोटाला मागून बर्फ चिकटलेला, चष्मा वाकडा, आणि तोंडभर विजय. दोर निसटला नव्हता, त्यांनी वेळ बघून सोडला होता, असं त्यांनी उठता उठताच जाहीर केलं. व्हिडिओ कुणाचा चांगला आलाय याची चौकशी झाली. तो भाऊसाहेबांना तिथूनच पाठवायचा प्रयत्न झाला, पण डोंगरात रेंज नव्हती.

"बापावर गेलीय," अण्णा रांगेला म्हणाले. "हिच्या बापाला टाकला तेव्हाही असाच. ना रडला, ना भ्यायला."

माझा बूट हातात घेऊन मी तिथवर पोचले होते. सुहास माझ्यापासून दोन हातांवर होता. पाचच मिनिटांपूर्वी त्यानं मला जे सांगितलं होतं ते अजून माझ्या कानात होतं. सहलीतले एक गृहस्थ, सोलापूरचे कापडवाले, त्याला कौतुकानं म्हणाले, "खरंच का हो? एकदम पोहत आलात?"

सुहास हसला. मान खाली घातली नाही, चांगला वर बघून हसला. म्हणाला, "हो ना. अण्णांनी दोर सोडला तेव्हा भीती वाटली जरा. पण पायरीपर्यंत आलो आपला."

आणि मग त्यानं हातवारे करून दाखवलं, कसे हात मारले, कसे पाय मारले. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं त्याचा चेहरा असा उजळला, की मला शिसारी आली. दुसरा शब्द मला तेव्हाही सुचला नाही आणि आजही सुचत नाही. पस्तिशीचा बाप्या, एका पोरीचा बाप, आणि त्याला अजून कुणाच्यातरी खांद्यावर बसायचं होतं. त्यासाठी त्यानं आपली विहीर दुसऱ्यांदा विकली. पहिल्यांदा तो पाच वर्षांचा होता. तेव्हाचं मी माफ केलं असतं.

संध्याकाळी गाडी जोशीमठकडे उतरायला लागली. अण्णा-आई पुढच्या सीटवर बसले होते आणि अण्णा फोन हवेत धरून रेंज शोधत होते. रुजू माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. सुहास खिडकीजवळ होता. बराच वेळ तो माझ्याकडे चोरून बघत होता. मग म्हणाला, "आता तरी राग गेला का?"

"तू अण्णांना काय सांगितलंस?"

"म्हटलं, रुजू घाबरलीय."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तूपण घाबरला होतास, तरी पोहत आलासच की."

"आणि तू हो म्हणालास."

मी रुजूची टोपी काढली. केस घामानं ओले झाले होते, ते पुसले. मग त्याला सांगितलं, शांतपणे, कारण माझा सगळा राग खरोखरच संपला होता. "मी रत्नागिरीला होकार कळवणार आहे. पुढच्या महिन्यात रुजूला घेऊन जाईन. तिथं खात्याचं ऑफिस आहे, तुलाही बदली मागता येईल. तुला यायचं असेल तर ये. तुझं तू ठरव, सुहास, पण आता इथं बसल्या बसल्या ठरव."

तो खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. बर्फ संपून देवदार लागले होते. मला वाटतं, तो खरोखर विचार करत होता. मग तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर मार्ग सापडल्यासारखा आनंदही होता.

"मला यायचंय, संजू," तो म्हणाला. "थांब, अण्णांना विचारून येतो."

मी रुजूला सावरलं आणि पाय आखडून घेऊन त्याला पुढं जायला वाट करून दिली.